फुंद

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी खाणीवरचा एक ट्रकमालक आत आला, दारातच चपला काढल्या आणि हळू आवाजात म्हणाला, "वाढदिसाचें कार्ड जाय."

"कोणाच्या?"

"लक्ष्मीच्या."

मी मुलींच्या कार्डांचा गठ्ठा काढला. फुलं, फुगे, बाहुल्या. त्याला एकही पटेना. शेवटी मी विचारलं, "केवढी आहे लक्ष्मी?"

"सहा चाकांची," तो म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. त्या ट्रकावर त्याचं घर उभं राहिलं होतं आणि आरशाजवळ देवाच्या तसबिरीशेजारी लावायला त्याला कार्ड हवं होतं. माझ्याकडे ट्रकाचा ठसा होता, एका वाहतूकवाल्यासाठी केलेला. तो मी पांढऱ्या कार्डावर उठवून दाखवला. त्यानं मान हलवली. "ही म्हजी न्हय. ही शोरूमांतली."

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या भागातला ट्रक कधी पांढऱ्यात उभा नसतो. त्याच्या मागे, पुढे, चाकांखाली, झाडांच्या पानांवरसुद्धा खाणीची लाल धूळ असते. मी दुसरं कार्ड घेतलं, जुन्या टूथब्रशनं लाल मातीच्या पाण्याचे शिंतोडे मारले, खालच्या बाजूला दाट आणि वर विरळ, आणि वाळल्यावर त्यावर तोच ठसा उठवला. त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं. "हीच ती," एवढंच म्हणाला.

माझं काम हे असं. हातानं ठसे उठवून भेटकार्डं करायची. ऐकायला सोपं वाटतं, आणि ठसा उठवणं सोपं आहेच. शाई लावायची, सरळ दाबायचा, न हलवता उचलायचा. कुणीही दोन दिवसांत शिकेल. कस लागतो तो ठशाच्या मागच्या रंगात. तो रंग आधी करायचा असतो, आणि चांगला झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या सासऱ्यांच्या भाषेत ती 'पार्श्वभूमी'. मी मात्र त्याला आयुष्यभर 'फुंद' म्हणत आले. तो पोर्तुगीज शब्द मला जिनं दिला, तिच्याबद्दलच हे लिहिते आहे.

माझं माहेर पेडण्यातलं हळर्ण, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन डिचोलीला आले. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. सासरे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मी त्यांना मामा म्हणे. बाजारातल्या एका छापखान्यात मी कागद दुमडायच्या कामाला लागले. तिथं लग्नपत्रिकांचे जुने लाकडी ठसे एका पेटीत पडून होते. गणपती, कलश, मोर, समई. कडा झिजल्या म्हणून बाद केलेले. मालकांना विचारून ते घरी आणले आणि फावल्या वेळात कार्डं करायला लागले. मला ती फार सुंदर वाटत. पिशवीत घालून मी ती पणजीला एका दुकानात घेऊन गेले.

दुकानदार पोक्त माणूस होता. त्यानं एकेक कार्ड उजेडात धरून बघितलं. म्हणाला, "चित्र बरें आसा बाये. पूण फाटीं कांयच ना. शीत नासतना फकत लोणचें वाडल्यावरी दिसता."

मला वाईट वाटलं, पण त्याचं खोटं नव्हतं. मागे काही नसलेला काळा मोर पांढऱ्या कागदावर खरोखर भाताशिवाय वाढलेल्या लोणच्यासारखा दिसत होता. मग त्यानं खालच्या खणातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. नाताळचं होतं. मधे एक छोटीशी होडी, आणि मागे निळ्याहिरव्या रंगाच्या शिरा, एकीतून दुसरी निघालेली, संगमरवरात असतात तशा. कुंचल्याची एक खूण नव्हती. मी विचारलं, हे कशानं केलं? तो म्हणाला, "तें इर्मिनाबायेक विचार." आणि पणजीतल्याच मळा भागातल्या घराचा पत्ता सांगितला.

इर्मिनाबाय तेव्हा साठीच्या पुढची होती. एकटी राहायची. पोर्तुगीज शाळेत शिकलेली, लग्न न केलेली, घरात पियानो होता आणि त्यावर कोऱ्या कागदांची चवड. तिनं मला आत घेतलं, माझी कार्डं बघितली, मी येण्याचं कारण ऐकलं. शिकवणार का, असं मी विचारल्यावर तिनं हात अंगावरच्या शालीखाली घेतले. मग म्हणाली, "शिकयतां. पूण हांव कांय करून दाखोवचें ना. तूं कर, हांव सांगतां."

मला वाटलं, स्वतः काही करून न दाखवता शिकवायची ही जुन्या माणसांची रीत असेल. पुढे दर आठवड्याला एकदा मी सकाळची बस पकडून पणजीला जायला लागले. ती खुर्चीत बसायची, हात शालीखाली, आणि मी मेजाशी उभी.

पहिल्यांदा तिनं मिठाचा फुंद शिकवला. कागद भिजवायचा, त्यावर निळा रंग सोडायचा आणि रंग ओला असतानाच मिठागरातलं जाडं मीठ चिमटीनं टाकायचं. प्रत्येक खडा आपल्याभोवतीचं पाणी पितो. रंग वाळल्यावर मीठ झाडलं की तिथं पांढरट चांदणी उमटलेली असते. मी पहिल्या खेपेला मूठभर मीठ टाकलं. ती म्हणाली, "नुस्तें खारावपाचें न्हय गो." मासे खारवायचे नाहीत.

मग मेणबत्तीचा. मेणबत्ती कागदावर घासायची, वरून रंग फिरवायचा, मेण लागलंय तिथं रंग धरत नाही. मग फणसाच्या पानाच्या शिरांचा. शेवटी तिनं होडीमागचा तो फुंद शिकवला. तांदळाची पातळ खळ करून गाळून पसरट थाळ्यात ओतायची. तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्यावर थेंब थेंब सोडायचा. रंग बुडत नाही, वर पसरतो. काडीनं तो हलकेच ओढायचा आणि कागद एका बाजूनं टेकवत अलगद ठेवायचा. उचलला की पाण्यावरचं सगळं कागदावर आलेलं असतं. आणि पुन्हा तसंच कधी येत नाही. एकच फुंद दोनदा होत नाही, म्हणून खराब झाला तर रडायचं नाही आणि चांगला झाला तर मिरवायचं नाही, असं ती सांगे. मी मात्र मिरवायची.

तिच्या हाताचं मला कळलं ते चहामुळे. एकदा तिच्याकडची कामाची बाई आली नव्हती, म्हणून ती स्वतः चहाचा कोप घेऊन आली. दारातून मेजापर्यंत येईतो अर्धा चहा बशीत सांडला होता. आम्ही दोघींनी त्याकडे बघितलं. तिनं कोप खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हजो हात आतां म्हजें आयकना." मग सांगितलं की वर्षभर तिनं एकही कार्ड केलं नव्हतं. दुकानात होतं ते जुन्यापैकी शेवटचं. दुकानदार नाताळच्या कार्डांसाठी माणूस पाठवी आणि ती दर वेळी काहीतरी कारण सांगे. लहानपणापासून ज्या हातानं केलं तो असा उलटला, हे तिला कुणाला सांगवत नव्हतं.

मी म्हटलं, "एक कागद ठेवून बघा ना."

"पाड जातलो."

"होऊ दे खराब. पुन्हा करू."

बरीच मिनतवारी केल्यावर तिनं शाल बाजूला ठेवली. मी थाळ्यात निळा आणि पांढरा रंग सोडला. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि पाण्यावर टेकवत नेला. हात थरथरत होते, कागद त्यांच्याबरोबर थरथरत होता. तिनं डोळे मिटून घेतले. मी कागद उचलला. सगळ्या कागदावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडव्या लाटा होत्या. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा, एक उजळ, एक गडद. इतक्या बारीक की काडीनं काढायच्या म्हटल्या तर जन्मात काढता आल्या नसत्या.

ती डोळे उघडून बघत राहिली. मग खुर्चीत बसली. नंतर म्हणाली, "आनीक एक कागद दी."

त्या वर्षीची नाताळची कार्डं आम्ही दोघींनी करायची ठरवली. ती कागद ठेवणार, मी ठसे उठवणार. दुकानदाराला लाटेचा नमुना दाखवला तेव्हा त्यानं विचारलं नाही की हे कुणी केलं. म्हणाला, "जितलीं जातात तितलीं हाडून दी." होतील तितकी आणून दे.

आणि नेमकं तेव्हाच राजभाषेचं आंदोलन पेटलं.

ज्यांनी ते दिवस बघितले नाहीत त्यांना सांगायला हवं. गोव्याची भाषा कोकणी की मराठी, यावरून घरंच्या घरं दुभंगली होती. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसेस बंद झाल्या. आमचे मामा मराठीच्या बाजूचे. त्यांनी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवली होती, अभंग, आर्या तोंडपाठ, ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की जेवण गोड लागत नसे. ते सभांना जात, घरी येऊन तावातावानं सांगत. गंमत एवढीच की घरात ते बोलत ती कोकणीच. आम्ही सगळेच. मराठीचा कैवार ते चुलीपाशी बसून कोकणीत घ्यायचे, आणि त्यात काही विसंगत आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं.

एक दिवस त्यांनी विचारलं, "पणजेची ती बाय खंयचे वटेन?" कुठल्या बाजूची.

मी खरं ते सांगितलं. तिच्या दारावर कोकणीचं पत्रक चिकटवलेलं होतं.

मामांचा आवाज चढला नाही, पण खाली आला, आणि मराठीत गेला. "त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवतो."

मी उलट बोलले नाही. बसेस तशाही बंद होत्या. नवऱ्यानं एकदा विषय काढून बघितला, तर मामा जेवणावरून उठले. तिकडे मळ्यात इर्मिनाबायच्या पियानोवर अर्धे कागद वाळत पडले असणार, आणि रंग सोडायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. एकट्या तिच्या हातून थेंब पडत नसे, धारच लागायची. फोन आमच्याकडे नव्हता. मी घरात मिठाचे फुंद करत बसले आणि एकही मनासारखा झाला नाही.

आंदोलन जरा निवळलं, रस्ते मोकळे झाले, आणि एका दुपारी आमच्या अंगणात इर्मिनाबाय उभी. एकटी, बसनं आलेली. काखेत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. मामा ओसरीवर वाचत बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात थिजले.

ती म्हणाली, "मास्तर न्हय मू तुमी? हांव इर्मिना. तुमच्या सुनेचें काम म्हजेकडे उरलां."

मामा उठून उभे राहिले. घरी आलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खुर्ची पुढे केली आणि शाळेतल्या मराठीत म्हणाले, "बसावं. प्रवासाचा त्रास झाला असेल." ती बसली. मी पाणी आणलं. तिचा हात पेल्याकडे गेला आणि थबकला. मामांनी ते बघितलं. मला म्हणाले, "पेला नको. वाटी आण मोठी." दोन्ही हातांनी धरता येईल म्हणून. इर्मिनाबाय मान खाली घालून पाणी प्यायली.

डब्यात लाटांचे कागद होते. मामांनी एक उचलला. हे कसं केलं, त्यांनी विचारलं. तिनं आपले हात पुढे धरले आणि म्हणाली, "ह्यांणी." मामा त्या कागदाकडे आणि त्या हातांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

मग ती दोघं बोलत बसली. ते मराठीत, ती कोकणीत, कुणाचं कुणाला अडलं नाही. बोलता बोलता देवळांच्या भिंतींवरच्या कावीचा विषय निघाला. तिला ते काम माहीत नव्हतं. मामा सांगायला लागले: भिंतीवर चुन्याचा पांढरा गिलावा, वर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार सळीनं वेलबुट्टी कोरायची, म्हणजे खालचा पांढरा वर येतो. सांगता सांगता ते रंगात आले आणि नकळत कोकणीवर घसरले. "वयलें तांबडें खरवडचें, सकयलें धवें दिसता." इर्मिनाबाय पुढे झुकून ऐकत होती. म्हणाली, "कागदार जायत?" कागदावर होईल?

ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. मी जाड कागदावर पांढरा रंग दिला, वाळल्यावर मेणबत्ती घासली. मामांनी स्वतः परसातून तांबडी माती आणून वस्त्रगाळ केली. माती, डिंक आणि मेणावर धरावी म्हणून किंचित साबण. तो लेप फिरवून मी छत्रीच्या काडीनं वेल कोरला. पहिल्या दोन कागदांचे पोपडे निघाले. तिसरा जमला. तांबड्यातून पांढरी रेघ निघाली तेव्हा मामा म्हणाले, "अशेंच. अशेंच आसता तें." माझ्या धंद्यात पुढे सगळ्यांत जास्त खपला तो हा कावीचा फुंद. तो शोधला एका मराठीवाद्यानं आणि एका कोकणीवालीनं, आमच्या ओसरीवर बसून.

निघताना इर्मिनाबायनं एक विचारलं. तिची कार्डं रोमी लिपीतली, इंग्रजी अक्षरांतल्या कोकणीतली. आमच्या लोकांना वाचता येत नाहीत. मास्तरांनी नागरीत शुभेच्छांची एक ओळ लिहून दिली तर?

"देतो की. मराठीत देतो," मामा म्हणाले.

"मराठी न्हय. आतां तुमी उलयताले तें."

मामांचा चेहरा बंद झाला. "ते बोलायचं असतं," ते म्हणाले. "लिहायचं नसतं."

ती वाद घालत बसली नाही. मामा तिला बसपर्यंत पोचवायला गेले, डबा स्वतः उचलून. परत आल्यावर मला म्हणाले, "सोमवारी जा तिच्याकडे. काम अर्धं टाकू नये." शिकवताना आणि आज्ञा देताना ते मराठीच वापरत.

त्या वर्षीची कार्डं वेळेवर गेली. भाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली, पुढे घटक राज्य झालं, पणजीत रोषणाई झाली. मामा कायद्यावर नाराज होते ते कायमचे. पण इर्मिनाबाय अधूनमधून येत राहिली, आणि ती आली की आमच्याकडे उंडे, म्हणजे गोल पाव, आणि मामांकडे गप्पा शिळ्या राहत नसत. याच दिवसांत मी छापखाना सोडून स्वतःचं दुकान घातलं. फुंदांची चवड कपाटात तयार ठेवायची, गिऱ्हाईक आलं की कार्ड ज्याला जायचं ते माणूस कसं आहे ते विचारायचं आणि मग फुंद निवडायचा. ठसा शेवटी.

आता ते दुकान नाही. आधी चकचकीत छापील कार्डं आली, मग मोबाईल आला. माझी तक्रार नाही. लोकांनी शुभेच्छा देणं सोडलेलं नाही. रुखरुख एका गोष्टीची आहे. लाटांचा फुंद मला कधीच जमला नाही. कागद ठेवताना हात मुद्दाम हलवून बघितला, नवऱ्याला मेज हलवायला सांगितलं. लाटा यायच्या, पण त्या हलवलेल्या दिसायच्या.

इर्मिनाबायचं पुढे सगळं शरीरच थकलं. मळ्यातलं घर बंद करून तिची भाची तिला वास्कोला घेऊन गेली. मी निघाले भेटायला, तेव्हा आदल्या संध्याकाळी मामांनी माझ्याकडे लाटांचा एक कागद मागितला. त्याचं कार्ड दुमडून दे म्हणाले. मग ओसरीवर बसून त्यांनी कच्च्या कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासलेला माणूस. शेवटी मला हाक मारली आणि खाली बघत विचारलं, "शालिनी, 'बेगीन' ह्यांतलो 'गी' ल्हान काडचो काय लांब?" मी म्हटलं, "मामा, मला कुठे ठाऊक. तुम्ही म्हणता तसा लिहा."

वास्कोच्या घरी इर्मिनाबाय पलंगावर उशांना टेकून होती. खिडकीतून बंदरातल्या जहाजांचे भोंगे ऐकू येत होते. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं लाटा ओळखल्या, त्यावरून बोट फिरवलं. उघडून आतली अक्षरं बघितली. नागरी तिला वाचता येत नव्हती. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. "इर्मिनाबाय, तुमी बेगीन बरीं जायात. नाताळाक आमगेर येयात. हांव बसीकडेन रावतां." लवकर बऱ्या व्हा, नाताळला आमच्याकडे या, मी बसपाशी थांबतो.

तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग विचारलं, "मास्तरान बरयलां?"

"हय. त्यांनीच लिहिलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा माझ्याबरोबर तिचे ओठ हलत होते.

नाताळाला ती आली नाही. त्याच्या आधीच गेली. पण त्या दिवशी निघताना मी कार्ड पलंगाशेजारच्या मेजावर उभं करून ठेवत होते, लाटा तिच्याकडे करून, तिला आपलं काम दिसावं म्हणून. तिनं मान हलवली आणि हात पुढे केला. थरथरत्या बोटांनी तिनं ते कार्ड फिरवून उघडं ठेवलं. तिच्या लाटा भिंतीकडे गेल्या, आणि तिला वाचता न येणारी मामांची अक्षरं तिच्याकडे तोंड करून उभी राहिली.